पाण्याआधी निरोप पोचला पाहिजे
(गावाने स्वतः चालवलेले इंटरनेट आणि आपत्तीचा प्रसंग)



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, खोडव्याची निगा आणि हुमणी यांवर लिहितो. या अंकात विषय वेगळा आहे. विषय आहे इंटरनेटचा. "ऊस विकास अधिकाऱ्याने इंटरनेटवर कशाला लिहावे?" असे कोणी विचारील, तर ते चूक नाही. आमचे शिक्षण कृषी पदविकेचे. तारांचे आणि बिनतारांचे नव्हे. परंतु २०२५ च्या सप्टेंबर अखेरीस जो धडा आम्हाला मिळाला, तो सभासदांपुढे ठेवणे आमचे कर्तव्य आहे. त्यात चूक आमचीच होती, म्हणून तर जास्तच.

त्या दिवसांत मराठवाड्यात सर्वदूर अतिवृष्टी झाली हे आपण सर्वांनी भोगले आहे. जायकवाडीतून मोठा विसर्ग चालू होता. माजलगावचे पाणी सिंदफणेतून गोदावरीत येत होते. गोदाकाठच्या आपल्या एका गावातील सभासदांचा व्हॉट्सॲप गट आम्हीच तयार केलेला होता. विसर्ग आणखी वाढणार, काठावरच्या मोटारी काढून घ्याव्यात, जनावरे वर आणावीत, असा निरोप आम्ही सायंकाळी त्या गटावर टाकला. टाकला आणि निर्धास्त झालो.

सकाळी पाहतो तो निरोपापुढे एकच खूण. दुसरी खूण नाहीच. आत उघडून पाहिले, तर काठावरच्या एकाही सभासदाला निरोप पोचलेला नव्हता. गावात आदल्या दिवसापासून लाईट नव्हती आणि दुपारीच टॉवरची बॅटरी बसली होती. अकरा मोटारी, त्यांचे स्टार्टर आणि पेट्या पाण्याखाली गेल्या. एक वयस्कर सभासद पाण्याचा आवाज ऐकून रात्री हातबॅटरी घेऊन मोटार काढायला गेले. मागून ओढ्याचे पाणी वळले. पहाटेपर्यंत ते बांधावरच्या लिंबावर बसून होते. जीव वाचला हेच नशीब.

चार दिवसांनी भेटायला गेलो तेव्हा आम्ही म्हणालो, "आबा, आम्ही निरोप टाकला होता."

ते शांतपणे म्हणाले, "आला की साहेब. पाणी उतरल्यावर आला."

या उत्तरावर आमच्यापाशी बोलायला काही नव्हते. हेडला पाणी सोडले म्हणजे टेलला पोचले, असे कोणताही शहाणा शेतकरी समजत नाही. पाणी बघायला तो स्वतः चारीवर जातो. आम्ही मात्र निरोप सोडला आणि तो पोचला असे धरून चाललो. प्रस्तुत लेख त्या चुकीतून निघाला आहे.

१) निरोप अडतो कुठे?

आधी हे समजून घेऊ की आपल्या हातातल्या मोबाईलपर्यंत इंटरनेट येते कसे. मोबाईल हा जवळच्या टॉवरशी बिनतारी बोलतो. टॉवर पुढे फायबरच्या तारेने किंवा दुसऱ्या टॉवरकडे रोखलेल्या ताटलीने शहराशी जोडलेला असतो. म्हणजे धरण, मुख्य कालवा, वितरिका आणि चारी अशीच ही रचना. यातली एक जागा फुटली की खालचे सगळे कोरडे.

आपत्तीत ती फुटते ती चार कारणांनी.

पहिले, वीज. वादळात खांब पडतात, पुरात डी.पी. बुडते, किंवा धोका नको म्हणून लाईन मुद्दाम बंद करतात. टॉवरला बॅटरी असते, पण ती काही तासांची. पुढे जनित्र चालवायचे तर डिझेल लागते आणि डिझेलची गाडी यायला रस्ता लागतो. रस्ता पाण्याखाली असतो.

दुसरे, तार. फायबरची तार बहुधा रस्त्याच्या कडेने व पुलावरून जाते. पूल खचला, नळकांडी वाहून गेली, किंवा नाला खोलीकरणात जेसीबीचा दात लागला, की तार तुटली.

तिसरे, गर्दी. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याचे धक्के आपल्या परभणी जिल्ह्यातही बसले. सगळे घराबाहेर आले आणि सगळ्यांनी एकदमच फोन लावले. टॉवर उभा होता, लाईट होती, तरी आमचा फोन लवकर लागला नाही. एकाच चारीवर सगळ्यांनी एकदम दारे धरली, तर कोणाच्याच सरीला पाणी लागत नाही, तसेच हे.

चौथे कारण माणसाचे. यंत्राची किल्ली कोणाकडे, बिघडले तर बघायचे कोणी, बिल भरायचे कोणी, हे ठरलेले नसते.

आता याची दुसरी बाजू. माहितीची आज कमतरता नाही. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ हवामानावर आधारित कृषी सल्ला देते. विजेचा इशारा देणारे 'दामिनी' हे ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने केले आहे. शासनाचा भोंग्यासारखा आवाज करणारा इशारा थेट मोबाईलच्या पडद्यावर येतो. त्याला इंटरनेट लागत नाही, पण टॉवर मात्र चालू असावा लागतो. धरणाच्या विसर्गाचे आकडे पाटबंधारे खाते व जिल्हा प्रशासन कळवत असते. पैठणहून सोडलेले पाणी पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम या बाजूला यायला काही तास घेते. हे तास हेच आपले भांडवल. माहिती आहे, वेळ आहे. कमी पडते ती शेवटची चारी.

२) वारणेचा धडा

शेवटची चारी गावाने व सहकारी संस्थेने स्वतः सांभाळायची, हा विचार नवा नाही. विशेष म्हणजे तो सर्वांत आधी करून पाहणाऱ्यांत एक साखर कारखान्याचाच परिसर होता. ही गोष्ट आपल्या सभासदांनी अवश्य वाचावी.

कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगर येथे कै. तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला वारणा सहकारी समूह प्रसिद्ध आहे. १९९८ साली तेथे 'वारणा वायर्ड व्हिलेज' नावाचा प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे त्यात धरली होती. खर्चाचा निम्मा वाटा केंद्राचा, चाळीस टक्के राज्याचा आणि दहा टक्के वारणा विभाग शिक्षण मंडळाचा. गावागावांत संगणक ठेवलेली केंद्रे निघाली. त्या काळी खेड्यात संगणक म्हणजे नवलच होते. त्यावर पीक सल्ला, बाजारभाव, सरकारी दाखले, शिक्षण असे पुष्कळ काही मिळेल अशी कल्पना होती.

प्रत्यक्षात झाले काय? शेतकऱ्याने केंद्रात येऊन विचारले ते आपल्या ऊसाविषयी. माझी नोंद झाली का? तोड कधी? टनेज किती भरले? खत किती उचलले? बिल कधी? या कामासाठी पूर्वी वारणानगरचा हेलपाटा पडत असे, तो वाचला. इंटरनेटचा म्हणून जो मोठा गाजावाजा होता, त्याचा वापर फारसा झाला नाही.

पुढे ते संगणक जुने झाले. विजेचा लपंडाव होताच, दुरुस्तीचा खर्च होता, जोडणीही भरवशाची नव्हती. मग २००६-०७ च्या सुमारास बंगलोरच्या एका संशोधन संस्थेच्या लोकांनी तेथे वेगळाच प्रयोग केला. सात गावांतील केंद्रांवर संगणकाऐवजी साधा मोबाईल ठेवला. केंद्रावरून एसएमएस पाठवायचा, कारखान्यातील संगणकाने एसएमएसनेच उत्तर द्यायचे. आठ महिने तो चालला. काम तेच, खर्च कमी, आणि विजेची अडचण जवळजवळ नाही.

वारणेपासून आम्ही दोन गोष्टी शिकलो.

एक : जे यंत्र रोजच्या कामाला येते तेच माणसे जिवंत ठेवतात. नुसत्या पुरासाठी म्हणून बसवलेले यंत्र पुरापर्यंत टिकत नाही. वर्षभर बंद ठेवलेला पंप ऐन गरजेला चालू करून बघा. फूटव्हॉल्व्ह धरत नाही, ग्रंथी गळते. टनेज, तोडणीचा क्रम आणि बिल ज्या जोडणीवर रोज पाहिले जाते, ती जोडणी पडली तर दुसऱ्या दिवशी दहा सभासद विचारायला येतात. म्हणून ती दुरुस्त होते. म्हणून ती पुराच्या रात्री चालू सापडते.

दोन : संकटात साधे साधन श्रेष्ठ. जिथे मोठे इंटरनेट चालत नाही तिथे एसएमएस जातो, जिथे एसएमएस जात नाही तिथे भोंगा ऐकू येतो. मोठे आले म्हणून छोटे मोडीत काढू नये.

३) पालघरची गावे

वारणेला जोडणी बाहेरून घेतली होती. गावाने जाळेच उभे करायचे तर? तेही महाराष्ट्रातच झाले आहे.

पालघर जिल्ह्यात खामलोली व आसपासच्या गावांत मुंबईच्या आय.आय.टी.ने प्रा. अभय करंदीकर यांच्या मार्गदर्शनाखाली 'ग्राममार्ग' हा प्रकल्प केला. दूरदर्शनच्या प्रक्षेपणासाठी राखलेल्या ज्या लहरी रिकाम्या पडून असतात, त्यांवरून गावोगाव इंटरनेट नेण्याची चाचणी त्यांनी घेतली. या लहरी झाडाझुडपांतून व उंचसखल भागातून बऱ्या जातात. नंतर परवाना न लागणाऱ्या ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरून सुमारे २५ गावे जोडण्यात आली. गावात वाय-फाय चालवायचे काम गावातल्याच तरुणाकडे दिले आणि ग्रामपंचायतीला भागीदार धरले. २०१७ साली मोझिला या संस्थेच्या जागतिक स्पर्धेत या कामाला पहिले बक्षीस मिळाले.

यातली लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे चालवणारा माणूस गावचा होता. शहरातला तंत्रज्ञ पाऊस उघडल्यावर येतो. गावचा पोरगा पावसातच छपरावर चढतो. "गाव करी ते राव न करी" ही म्हण उगीच पडलेली नाही.

४) परदेशातील शेतकऱ्यांनी काय केले

इंग्लंडच्या उत्तरेला लँकेशायर परगण्यात विखुरलेल्या वस्त्या आहेत. मोठ्या कंपन्यांना तिथे तार नेणे परवडेना. २०११ साली तेथील लोकांनी एक संस्था काढली, तिचे नाव 'बी फॉर आर एन'. त्यांनी काय केले हे वाचून आपल्याला आपलीच आठवण येईल. गावकऱ्यांनी शेअर्स घेतले. शेतकऱ्यांनी आपल्या शेतातून तारेला फुकट वाट दिली. स्वतःच्या ट्रॅक्टरने चर खणले. खोदाईच्या मजुरीपोटी शेअर्स घेण्याचीही सोय होती. आज त्या खेड्यांत मोठ्या शहरांना मागे टाकील असे इंटरनेट आहे आणि संस्थेचे मालक तेथले रहिवासी आहेत. भागभांडवल, सभासद, वार्षिक सभा, सगळे आपल्यासारखेच. फरक एवढाच की आपण गव्हाणीत मोळी टाकतो आणि त्यांनी चरात तार टाकली.

आपत्तीच्या दृष्टीने दुसरे उदाहरण अमेरिकेचे. ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कला 'सँडी' वादळाचा तडाखा बसला. समुद्राचे पाणी रेड हुक नावाच्या गरीब वस्तीत शिरले, वीज गेली, फोन बंद पडले. तेथील एका स्थानिक संस्थेने त्याआधीच छपरांवर छोटी बिनतारी यंत्रे बसवून वस्तीपुरते जाळे सुरू केले होते. ते चालू राहिले. लोक तेथे येऊन नातेवाइकांना खुशाली कळवू लागले, मदत मागू लागले. पुढे सरकारच्या आपत्ती खात्याने त्या जाळ्याला उपग्रहाची जोडणी दिली. सरकारला आयते जाळे सापडले म्हणून मदत लवकर पोचली. वादळ आल्यावर जाळे विणायला बसले असते तर ते तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे झाले असते.

५) आपल्याकडे काय जमेल?

आता आपल्या शिवारात येऊ. आपला जिल्हा बराचसा सपाट आहे, ही बिनतारी जोडणीला सोयीची बाब. जिंतूरकडचा डोंगराळ पट्टा सोडला तर गोदाकाठी उंच अडथळा म्हणजे झाडे, पाण्याच्या टाक्या आणि आपला उभा ऊस. कारखान्यावर व गट कार्यालयात इंटरनेट आहे. तेथून गावातील जलकुंभ, शाळा किंवा सोसायटीचे गोदाम येथे ताटलीची जोडी बसवून ते नेता येते. खाली सभासदांसाठी वाय-फाय. ही झाली आपली चारी.

त्यासाठी चार गोष्टींचा हिशोब नीट हवा.

(अ) उंची. दोन ताटल्या एकमेकींना दिसल्या पाहिजेत. पण नुसती नजर जाऊन भागत नाही. ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरीला १० किलोमीटर अंतरात मधोमध रेषेच्या खाली सात-आठ मीटर मोकळी जागा लागते. पृथ्वीच्या गोलाईसाठी आणखी दीड मीटर धरावे. ऊस तीन-चार मीटरचा, म्हणजे त्याची अडचण नाही. अडचण आहे ती चिंच, वड आणि बाभळीच्या वनाची. पावसाने या लहरीचे फार बिघडत नाही, पण ओल्या पानांतून ती जात नाही. सबब पाहणी उन्हाळ्यात न करता पानांनी भरलेल्या दिवसांत करावी.

(ब) वीज. लाईट गेल्यावर किती तास चालेल हा खरा प्रश्न. एक ताटली व एक वाय-फाय यंत्र मिळून साधारण २० वॅट खातात असे धरू. चोवीस तासांचे झाले ४८० वॅट-तास. १२ व्होल्ट १५० ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीत १८०० वॅट-तास मावतात. बॅटरी टिकायची तर निम्मेच वापरावे, म्हणजे ९००. भागिले २०, तर ४५ तास. जवळजवळ दोन दिवस. ढगाळ दिवसांत सौर पत्र्याला दोन तासांचेच नीट ऊन मिळाले असे धरले, तर रोजचे ४८० भरून काढायला किमान २५० वॅटचा पत्रा हवा. थोडी नासाडी धरून ३०० वॅटचा घ्यावा.

इथे एक इशारा. पुराच्या दिवशी त्या बॅटरीपाशी पहिली गर्दी होते ती मोबाईल चार्ज करायला. एका मोबाईलला साधारण १५ वॅट-तास लागतात. वीस मोबाईल लावले तर ३०० वॅट-तास, म्हणजे वापरायच्या साठ्याचा तिसरा हिस्सा गेला. मोबाईल चार्जिंगला वेगळी बॅटरी ठेवावी. जोडणीच्या बॅटरीच्या पेटीला कुलूप असावे. तशीच ती पेटी २००६ आणि २०२५ च्या पुराच्या खुणेपेक्षा वर असावी. ताटलीच्या खांबाला वीजरोधक आणि चांगले अर्थिंग पाहिजेच. आपल्याकडे पावसाळ्याच्या सुरुवातीला व अखेरीला विजा पडतात, आणि उंच खांब तिला पहिला सापडतो.

(क) कायदा. इंटरनेट घेऊन गावात वाटणे हे पूर्वी परवान्याशिवाय करता येत नसे. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने 'पीएम-वाणी' ही योजना मंजूर केली. तिच्याखाली किराणा दुकान, सोसायटी किंवा बचत गटसुद्धा सार्वजनिक वाय-फाय चालवू शकतो. त्याला परवाना नाही, शुल्क नाही. मात्र नोंदणीकृत समूहकाकडून जोडून घ्यावे लागते, म्हणजे वापरणाऱ्याची ओळख व हिशोब रीतसर राहतो. हा सरळ मार्ग आहे. कोणाच्या तरी घरच्या जोडणीवर चोरून वायर ओढणे हा मार्ग नव्हे. याशिवाय ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची भारतनेट योजना आहे. आपल्या ग्रामपंचायतीत ती पेटी आली आहे का, तिचा दिवा लागतो का, तिला बॅटरी आहे का, हे सभासदांनी जाऊन पाहावे. दिवा लागत नसेल तर ग्रामसभेत विचारावे.

(ड) माणूस. हे सर्वांत महत्त्वाचे. पाणीवापर संस्थेत जसा चारीवर राखणदार असतो, तसा इथे हवा. प्रत्येक गावात दोन माणसे आणि दोन किल्ल्या. एक माणूस आजारी असला किंवा परगावी गेला तरी दुसरा असावा. आमचे मत असे की दोघांपैकी एक बचत गटाची भगिनी असावी. कारण आपत्तीच्या वेळी पुरुषमंडळी मोटारीकडे आणि जनावरांकडे धावतात, घरी व गावात ती असते. या दोघांनी महिन्यातून एक दिवस ठरवून लाईट बंद करून यंत्र बॅटरीवर चालवून पाहावे व तासांची नोंद वहीत करावी. वही दाखवल्याशिवाय मानधन देऊ नये.

६) "पोचला" असे कधी म्हणावे?

आमच्या चुकीतून निघालेला नियम असा : निरोप पाठवणाऱ्याने नव्हे, घेणाऱ्याने "पोचला" म्हणावे.

आपल्या शेतकी विभागाच्या गट कार्यालयात आता एक यादी भिंतीवर लावली आहे. काठावरच्या प्रत्येक गावासाठी तीन नावे. निरोप गेला की अर्ध्या तासात तिघांपैकी एकाने तरी परत कळवायचे. उत्तर आले नाही तर फोन. फोन लागला नाही तर एसएमएस, कारण क्षीण रेंजवरही तो कधी कधी निघून जातो. तोही गेला नाही तर शेजारच्या, उंचावरच्या गावचा माणूस मोटारसायकलवर जाईल. रस्ता कोठे तुटतो हे त्याला माहीत असते. गावात पोचल्यावर देवळाचा कर्णा आणि दवंडी. कर्ण्यालाही वीज लागते, म्हणून त्याची बॅटरी वेगळी. नाशिक, पुणे, अहिल्यानगर या भागांत 'ग्रामसुरक्षा यंत्रणा' नावाची सोय आहे. गावातील एकाने ठरावीक क्रमांकावर फोन करून बोलले की त्याचाच आवाज गावातल्या सगळ्यांच्या साध्या फोनवर ऐकू जातो. आपल्याकडेही तिची चौकशी करण्यासारखी आहे. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे क्रमांक तर घराच्या दारामागे खडूने लिहून ठेवावेत. मोबाईलमध्ये साठवलेला क्रमांक मोबाईल बंद पडल्यावर मिळत नाही.

यादीत एक नाव हटकून राहून जाते, ते ऊसतोड टोळीच्या मुकादमाचे. टोळी सभासद नाही, गावच्या गटात नाही, आणि तिच्या कोप्या नेमक्या नदीच्या किंवा ओढ्याच्या मोकळ्या जागेत असतात. हंगामाच्या सुरुवातीला अवकाळी पाऊस झाला की पहिल्यांदा त्यांचीच चूल विझते. ज्या सभासदाच्या रानात टोळी उतरेल, त्याने मुकादमाचा क्रमांक गट कार्यालयात लिहून द्यावा. टोळीला निरोप पोचवण्याची जबाबदारी आपली आहे, कारण ती आपल्या ऊसासाठी येते.

७) शेवटी

काही सभासद म्हणतील, हे कंपन्यांचे आणि सरकारचे काम. कारखान्याने व गावाने त्यात का पडावे? प्रश्न रास्त आहे. कंपन्यांनी टॉवरच्या बॅटऱ्या चांगल्या ठेवाव्यात, सरकारने फायबर चालू ठेवावी, हे मागणे आपण सोडायचे नाही. पण धरण सरकारचे आणि कालवा सरकारचा असला, तरी आपल्या बांधाशी येणारी चारी आपणच साफ करतो. ती गवताने तुंबली तर पैठणला पाणी असून उपयोग नाही. तसेच हे आहे.

तरी सर्व सभासदांस विनंती की, येत्या गटवार बैठकांत आपापल्या गावापुरत्या तीन गोष्टी ठरवून याव्यात : ताटलीसाठी उंच जागा कोणती, किल्ली कोणा दोघांकडे राहील, आणि काठावरच्या यादीत नावे कोणाची. खर्चाची दरपत्रके मागवून ती आम्ही बैठकीत मांडू. परवडेल का नाही, हा निर्णय सभासदांचा. परंतु यादी आणि "पोचला" म्हणण्याचा नियम यांना एक पैसाही लागत नाही. तेवढे तरी येत्या मृगाच्या आत झाले पाहिजे.

लिंबावर रात्र काढलेल्या त्या आबांचे नाव यादीत पहिले आहे. आम्ही भीत भीत विचारले होते. ते म्हणाले, "लिवा माझं नाव. मला जागायची सवय झाली आता." गेल्या महिन्यात चाचणीचा निरोप टाकला, तेव्हा अकराव्या मिनिटाला त्यांचाच फोन आला. एवढेच म्हणाले, "पोचला बरं का साहेब."



— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग